मंगळवार, १९ जानेवारी २०३८, सकाळी ८.४४ : त्याआधी करायची कामं

हा लेख ठाणे-बेलापूर पट्ट्यात, वागळे इस्टेटमध्ये किंवा अशाच ठिकाणी कंपनीची सिस्टीम सांभाळायला नुकतीच सुरुवात केलेल्यांसाठी आहे. वर दिलेल्या वेळी जुन्या सिस्टीममधला वेळेचा आकडा भरतो आणि त्यांची तारीख चुकते, यालाच 'वाय२०३८' म्हणतात. लिनक्सच्या टर्मिनलवर थोडाफार हात बसलेला असला की पुरे. कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत (कॅपिटल सांगितलं असेल तिथे सोडून) आणि इंग्रजी आकड्यांत करायची.

आकडा कुठे भरतो

कॉम्प्युटर आतल्या आत तारीख ठेवत नाही, सेकंद मोजतो. युनिक्स आणि त्यातून आलेल्या सिस्टीम १ जानेवारी १९७० च्या ग्रिनिच मध्यरात्रीपासून किती सेकंद लोटले ते मोजतात. तारीख, वार, वाजले किती हे सगळं त्या एका आकड्यावरून काढलं जातं. जुन्या सिस्टीममध्ये या आकड्याला ३२ बिटांची जागा आहे. त्यातलं एक बिट धन की ऋण हे सांगण्यात जातं आणि उरलेल्या ३१ बिटांत जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मावतात. हा आकडा ज्या सेकंदाला भरतो तो ग्रिनिच वेळेनुसार १९ जानेवारी २०३८ चा पहाटे ३ वाजून १४ मिनिटं ७ सेकंद. आपल्याकडे तेव्हा मंगळवार सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद झालेले असतील. म्हणजे ठाणे स्टेशनात पाय ठेवायला जागा नसते ती वेळ, आणि एमआयडीसीत सकाळची पाळी चालू.

पाच आकडी वीजमीटर ९९९९९ नंतर पुन्हा शून्यावर येतो. इथे शून्यही येत नाही. चिन्हाचं बिट उलटतं आणि आकडा एकदम सगळ्यात मोठ्या ऋण संख्येवर जातो. त्या संख्येची तारीख निघते १३ डिसेंबर १९०१. मशीन बंद पडत नाही, ते चालूच राहतं आणि आपण १९०१ सालात आहोत असं समजून निर्णय घेत राहतं. काळजी करायची ती याची.

अजून वेळ आहे म्हणून हे काम पुढे ढकलू नका, त्याची दोन कारणं आहेत. पहिलं, प्रोग्रॅम फक्त आजची तारीख वापरत नाहीत, पुढची तारीखही काढतात. आज उघडलेल्या पीपीएफ खात्याची मुदत २०३८ च्या पलीकडे संपते. वीस वर्षांच्या गृहकर्जाचा शेवटचा हप्ता तर त्याहून पुढे. ही तारीख ३२ बिटांत ठेवणारा प्रोग्रॅम आजच चुकतो. मे २००६ मध्ये एओएलसर्व्हर या वेब सर्व्हरवर नेमकं हेच झालं. 'कधीच मुदत संपू नये' म्हणून लोकांनी त्यात एक अब्ज सेकंदांची मुदत घातली होती. चालू वेळेत एक अब्ज मिळवल्यावर बेरीज २०३८ ओलांडू लागली आणि सर्व्हर कोसळले. दुसरं कारण, कारखान्यातला पॅनल किंवा नियंत्रक एकदा बसवला की पंधरा-वीस वर्षं तिथेच राहतो. आज विकत घेतलेलं यंत्र त्या मंगळवारी सकाळी कामावर असण्याची शक्यता भरपूर आहे.

उपाय तत्त्वतः सोपा आहे : आकड्याला ६४ बिटांची जागा द्या, की अब्जावधी वर्षांची सोय होते. अवघड जातं ते ३२ बिटांचा खण कुठे-कुठे शिल्लक आहे हे शोधणं. तो कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात) असतो, लायब्ररीत असतो, डिस्कवर असतो, डेटाबेसच्या रकान्यात असतो आणि दोन यंत्रांमधल्या संदेशातही असतो. यातला एक जरी राहिला तरी बाकीचे दुरुस्त करून उपयोग नाही.

आधी वही

कीबोर्डला हात लावण्यापूर्वी वही किंवा एक्सेल शीट घेऊन आवारातून फिरा. ज्या-ज्या वस्तूला घड्याळ आहे तिची एक ओळ करा : ती कुठे आहे, प्रोसेसर कोणता, ऑपरेटिंग सिस्टीमची आवृत्ती काय, तारीख कुठे लिहिते, वेळ कुठून घेते, अजून किती वर्षं चालवायची आहे आणि बिघडली तर कोणाला बोलवायचं. शेवटचे दोन रकाने नवशिके हमखास सोडतात आणि पुढे अडतं तेही त्यांच्यावरच.

सर्व्हर आणि ऑफिसचे पीसी यादीत आपोआप येतात. सुटतात ते हे : हजेरीचं बायोमेट्रिक, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, मशीनवरचा एचएमआय पॅनल (मशीन चालवायचा स्क्रीन), वजनकाट्याचा स्लिप छापणारा इंडिकेटर, डीजी सेटचा कंट्रोलर, यूपीएसमधलं नेटवर्क कार्ड, राउटर, फायरवॉल, तुर्भ्याच्या शीतगृहात दर पाच मिनिटांनी तापमान नोंदवणारा डेटा लॉगर. आमच्या अनुभवानुसार सर्व्हरची काळजी कमी करावी लागते, कारण तो पाच-सहा वर्षांनी बदलला जातोच. हे भिंतीवरचे डबे मात्र कोणी बदलत नाही.

डब्यांसाठी एक झटपट खूण आहे. सेटिंगमध्ये जाऊन वर्ष वाढवत न्या. ते २०३७ वर अडत असेल, तर आत ३२ बिटांचं घड्याळ आहे असं धरून चाला. पुढे जात असेल तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, अशा यंत्राची चाचणी घ्यावीच लागते.

मशीन ३२ बिटांचं की ६४ बिटांचं

लिनक्स मशीनवर आधी युनेम -एम द्या. उत्तरात एक्स८६ अंडरस्कोर ६४ किंवा एआर्च६४ आलं तर कर्नल ६४ बिटांचा. आय६८६ किंवा एआरएमव्ही७एल आलं तर तो ३२ बिटांचा. पण इथेच थांबू नका. कर्नल ६४ बिटांचा आणि वरचे सगळे प्रोग्रॅम ३२ बिटांचे, अशी सरमिसळ असते. रास्पबेरी पायवर ती नेहमी दिसते. म्हणून पाठोपाठ गेटकॉन्फ या कमांडला लाँग_बिट विचारा, कॅपिटल अक्षरांत. ती ३२ किंवा ६४ असं थेट उत्तर देते आणि ते उत्तर प्रोग्रॅमांच्या बाजूचं असतं. एखाद्याच प्रोग्रॅमबद्दल शंका असेल तर फाइल ही कमांड त्याच्या नावापुढे लावा, ३२ की ६४ ते पहिल्याच ओळीत कळतं.

तिसरी तपासणी डेट कमांडची. तिला -डी हा पर्याय आणि @२१४७४८३६४८ हा आकडा द्या. हा मर्यादेपुढचा पहिला सेकंद आहे. १९ जानेवारी २०३८ सरळ छापली गेली तर ठीक. चूक दाखवली किंवा १९०१ छापलं, तर त्या मशीनची लायब्ररी अजून जुनी आहे.

६४ बिटांच्या लिनक्सवर कर्नल आणि लायब्ररीची वेळ पहिल्यापासून ६४ बिटांची आहे, तिथे सरळ पुढच्या भागाकडे जा. ३२ बिटांच्या मशीनवर मात्र तीन गोष्टी एकत्र जुळाव्या लागतात. एक, कर्नल ५.६ किंवा त्यापुढचा हवा, तो मार्च २०२० मध्ये आला. दोन, सी लायब्ररी नवी हवी. ग्लिबसी असेल तर २.३४ किंवा पुढची. मसल असेल तर १.२.० किंवा पुढची, तिच्यात ६४ बिटांची वेळ मुळातच चालू आहे. ओपनडब्ल्यूआरटीच्या राउटरना २२.०३ आवृत्तीत हीच सोय मिळाली. तीन, प्रत्येक प्रोग्रॅम आणि त्याची प्रत्येक लायब्ररी नव्याने कंपाइल झालेली हवी.

लोक अडखळतात ते या तिसऱ्या गोष्टीशी. ग्लिबसी नवी केली म्हणजे वेळ ६४ बिटांची झाली असं नाही. कंपाइल करताना _टाइम_बिट्स=६४ आणि त्याच्यासोबत _फाइल_ऑफसेट_बिट्स=६४ असं दोन्ही, कॅपिटल अक्षरांत, सांगावं लागतं. दुसरं राहिलं तर कंपाइलर तिथेच थांबतो. आणि एका लायब्ररीने वेळेचा खण ८ बाइटचा केला, तिला हाक मारणारा प्रोग्रॅम ४ बाइटचाच धरून बसला, तर पुढची सगळी माहिती सरकते आणि प्रोग्रॅम भलत्याच ठिकाणी कोसळतो. म्हणूनच डेबियनने आपल्या १३ व्या आवृत्तीसाठी शेकडो लायब्ररी एकाच वेळी नव्याने बांधल्या आणि नावाच्या शेवटी टी६४ जोडलं. उबुंटू २४.०४ मध्येही हे शेपूट दिसतं. दिसलं तर ते पॅकेज काढून जुनं बसवू नका. डेबियनने जुन्या ३२ बिटी इंटेल पीसींसाठीची आय३८६ ही शाखा मात्र मुद्दाम तशीच ठेवली, कारण तिचा उपयोग आता जुने ३२ बिटी प्रोग्रॅम चालवण्यापुरताच उरला आहे. त्यामुळे ३२ बिटी इंटेल मशीनवर डेबियन नवा घालून हा प्रश्न सुटत नाही, तिथे मशीनच बदला.

विंडोजची फाइलवेळ १६०१ सालापासून ६४ बिटांत मोजली जाते, त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टीम म्हणून चिंता नाही. पण त्यावर चालणारं जुनं बिलिंग किंवा स्काडा (कारखान्यातल्या यंत्रांवर कॉम्प्युटरवरून लक्ष ठेवणारं) सॉफ्टवेअर व्हिज्युअल स्टुडिओ २००५ च्या आधीच्या कंपायलरवर बनलेलं असेल, तर त्यात वेळ ३२ बिटांची असू शकते. अशी सॉफ्टवेअरं वहीत लाल शाईने लिहा. ओपनबीएसडीवरची फायरवॉल ५.५ आवृत्तीच्या पुढची असेल तर सुटलात.

डिस्कवरच्या तारखा

ऑपरेटिंग सिस्टीम कितीही नवी असो, फाइलची तारीख डिस्कवर ज्या खणात लिहिली जाते तो खण फॉरमॅट केलं त्या दिवशी ठरलेला असतो. सर्व्हर तीनदा अपग्रेड झाला तरी डिस्क तीच असेल तर खणही तोच.

लिनक्सच्या बऱ्याच सर्व्हरवर एक्स्ट४ ही फाइल सिस्टीम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) असते. ट्यून२एफएस -एल देऊन त्या पार्टिशनची माहिती काढा आणि आयनोड साइझ (प्रत्येक फाइलच्या नोंदीचा आकार) ही ओळ पाहा. २५६ असेल तर तारखा २४४६ सालापर्यंत मावतात. १२८ असेल तर २०३८ ला थांबतात. १२८ सापडण्याच्या दोन ठरलेल्या जागा आहेत : फार जुन्या सर्व्हरची मुख्य डिस्क, आणि लहानसं बूट पार्टिशन. ५१२ एमबीहून लहान पार्टिशनला फॉरमॅट करणारा प्रोग्रॅम बरीच वर्षं आपणहून १२८ द्यायचा, म्हणून मोठी डिस्क २५६ ची निघाली तरी बूट तपासायचं सोडू नका. एम्बेडेड यंत्रांची मेमरी कार्डंही याच कारणाने अडकलेली असतात. नवे कर्नल असं पार्टिशन जोडताना (माउंट करताना) लॉगमध्ये 'टाइमस्टॅम्प २०३८ पर्यंत' अशी सूचना देतात. डीमेसेज (डीएमईएसजी) या कमांडच्या नोंदींत २०३८ हा आकडा शोधलात की यादी तयार मिळते.

१२८ चं २५६ करता येतं का? ट्यून२एफएस -आय २५६ अशी कमांड आहे, इथला आय कॅपिटल. पण फ्लेक्स_बीजी हे वैशिष्ट्य चालू असलेल्या पार्टिशनवर ती चालत नाही आणि एक्स्ट४ वर ते बहुतेक वेळा चालूच असतं. जुन्या एक्स्ट३ वर चालते, पार्टिशन उतरवून (अनमाउंट करून) ठेवलं असेल तरच. वीज गेली तर मधेच अडकलेलं पार्टिशन वाचवणं कठीण, म्हणून यूपीएसशिवाय हे करू नका. आमचा सल्ला एकच : बॅकअप घ्या, तो दुसऱ्या मशीनवर उघडून पाहा, नव्याने फॉरमॅट करा, परत भरा. वेळ जास्त लागतो, पण शेवटी काय हातात आहे ते नक्की माहीत असतं. एमआयडीसीतल्या बऱ्याच कारखान्यांना शुक्रवारी साप्ताहिक सुट्टी असते, तो दिवस या कामासाठी राखून ठेवा.

एक्सएफएस असेल तर एक्सएफएस_इन्फो चालवून बिगटाइम=१ दिसतंय का पाहा. ० असेल किंवा शब्दच नसेल तर मर्यादा २०३८, १ असेल तर २४८६. हे बहुतेक वेळा जागेवर बदलता येतं : पार्टिशन उतरवा, एक्सएफएस_रिपेअर चालवून ते निरोगी असल्याची खात्री करा, मग एक्सएफएस_ॲडमिनला कॅपिटल -ओ आणि बिगटाइम=१ द्या. मुख्य पार्टिशनसाठी रेस्क्यू पेनड्राइव्हवरून बूट करावं लागेल. हे करण्याआधी कर्नल ५.१० किंवा पुढचा आहे याची खात्री करा. त्याहून जुना कर्नल नंतर ही डिस्क जोडूनच घेत नाही, आणि तेव्हा रात्री अकरा वाजता जुन्या कर्नलवर परत जाण्याचा मार्ग बंद झालेला असतो.

प्रत्यक्ष खात्रीसाठी त्या पार्टिशनवर एक रिकामी फाइल करा, टच -डी ने तिला २०४० सालची तारीख द्या, पार्टिशन उतरवून पुन्हा जोडा आणि एलएस -एल पाहा. जोडणी पुन्हा केली नाही तर जुन्या कर्नलवर मेमरीतली बरोबर तारीख दिसते आणि फसगत होते. कर्नल ५.४ पासून मर्यादेबाहेरची तारीख १९ जानेवारी २०३८ वर अडवून ठेवली जाते. त्याआधीचे कर्नल ती मागच्या शतकात फेकतात. पेनड्राइव्हवरची फॅट २१०७ पर्यंत चालते, तिला हात लावायची गरज नाही.

डेटाबेस

सगळी कामं एका वर्षात होणार नसतील तर आधी डेटाबेस घ्या. पुढच्या तारखा इथेच लिहिल्या जातात, त्यामुळे चूकही पहिल्यांदा इथेच दिसते.

मायएसक्यूएलमधल्या टाइमस्टॅम्प प्रकाराची मर्यादा ग्रिनिच १९ जानेवारी २०३८, ३.१४.०७ हीच आहे. मशीन ६४ बिटांचं असलं तरी फरक पडत नाही. कडक (स्ट्रिक्ट) मोड चालू असेल तर पुढची तारीख लिहिताना चूक येते. ती बरी, निदान कळतं तरी. कडक मोड बंद असेल तर रकान्यात शून्य-शून्य तारीख जाऊन बसते आणि एका सूचनेपलीकडे काही दिसत नाही. मारियाडीबीने ११.५ आवृत्तीपासून ६४ बिटांच्या मशीनवर ही मर्यादा २१०६ पर्यंत नेली आहे. पोस्टग्रेसच्या टाइमस्टॅम्पला ही अडचण नाही.

इन्फर्मेशन स्कीमामधल्या कॉलम्स तक्त्यातून टाइमस्टॅम्प प्रकाराचे सगळे रकाने काढा. त्यांतले मुदत, नूतनीकरण, हमी, हप्ता अशा पुढच्या तारखांचे रकाने आधी डेटटाइमवर न्या. इथे दोन चुका वारंवार होतात. टाइमस्टॅम्प आत ग्रिनिच वेळ ठेवतो आणि दाखवताना जोडणीच्या टाइमझोनप्रमाणे बदलतो. डेटटाइम जे लिहिलं तेच ठेवतो. बदल करणाऱ्या जोडणीचा टाइमझोन +०५:३० न ठेवता केला, तर सगळ्या नोंदी साडेपाच तासांनी मागे सरकतात आणि रात्रपाळीच्या नोंदी आदल्या दिवशी जातात. दुसरी चूक : रकाना बदलताना 'आपोआप आजची वेळ' हा मूळ गुणधर्म पुन्हा लिहिला नाही तर तो गळून पडतो. नवी ओळ लिहिली जाते, वेळ मात्र रिकामी. आधी प्रतीवर बदल करा, पहिल्या आणि शेवटच्या शंभर ओळी जुन्याशी ताडून पाहा, मगच खऱ्यावर.

टाइमस्टॅम्प प्रकाराहून जास्त दडलेले असतात ते साधे इंट रकाने, ज्यांत कोणीतरी सेकंदांचा आकडा भरलेला आहे. ते नावावरून कळत नाहीत. इंट रकान्यातला सर्वांत मोठा आकडा पाहा. तो दहा अंकी असून १६, १७ किंवा १८ ने सुरू होत असेल तर तो बहुधा सेकंदांचा आकडा आहे. त्याला बिगइंट करा. ही पद्धत पोस्टग्रेसमध्येही लागू पडते.

तारखेचा आकडा केवळ घड्याळासाठी नसतो, हेही लक्षात ठेवा. १ जानेवारी २०२२ ला मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंजच्या सर्व्हरवर मेल रांगेत अडकून पडले, कारण विषाणू तपासणाऱ्या भागाचा आवृत्ती क्रमांक वर्ष-महिना-दिवस जोडून २२०१०१०००१ असा झाला होता आणि तो ३२ बिटांत मावत नव्हता. तुमच्या चलनाचे, बॅचचे, गेटपासचे क्रमांक असेच बनत असतील तर तेही तपासा.

स्वतःचा कोड

सोर्समध्ये पुढील गोष्टी शोधा : वेळ इंटमध्ये किंवा लाँगमध्ये साठवलेली, जावामध्ये मिलीसेकंदांना हजाराने भागून इंटमध्ये कोंबलेलं, जावास्क्रिप्टमध्ये सेकंदांच्या आकड्यावर बिटांचे ऑपरेटर, कारण ते त्याला ३२ बिटांत कापतात, पायथनमध्ये स्ट्रक्ट वापरून चार बाइटमध्ये बांधलेली वेळ. २१४७४८३६४७ हा आकडाही शोधा, 'अनंतकाळ' म्हणून तो पुष्कळ ठिकाणी वापरलेला असतो. सी मध्ये टाइम_टी चा आकार ८ बाइट नसेल तर कंपाइलच होऊ नये अशी एक अट फाइलच्या सुरुवातीला घाला, पुढच्या माणसाचे तास वाचतात. वेळ छापताना %एलडी वापरलं असेल तर ३२ बिटांच्या मशीनवर नव्या वेळेसोबत ते चुकीचं छापतं. आकडा लाँग लाँग करून %एलएलडी ने छापा.

पीएलसी (यंत्र चालवणारा नियंत्रक) आणि स्काडा यांच्यात वेळ मॉडबसवरून (अशा यंत्रांच्या संदेशांची एक पद्धत) दोन १६ बिटी रजिस्टरमध्ये पाठवली जात असेल तर तिथे ६४ बिट करायला जागाच नसते. मात्र दोन्ही बाजूंनी तो आकडा चिन्हाशिवाय वाचायचं ठरवलं तर तेच ३२ बिट ७ फेब्रुवारी २१०६ पर्यंत पुरतात. हा बदल दोन्ही टोकांना एकाच दिवशी करायचा.

घड्याळ पुढे नेऊन चाचणी

चालत्या मशीनचं घड्याळ कधीही पुढे नेऊ नका, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही. बॅकअप सॉफ्टवेअर सगळे जुने बॅकअप मुदतबाह्य समजून पुसतं. पासवर्डची मुदत संपते आणि लॉगिन बंद होतं. सर्टिफिकेटं अवैध ठरतात, लायसन्स कायमचं अडकू शकतं, लेखा सॉफ्टवेअरमध्ये २०३८ च्या नोंदी पडतात. चाचणी नेहमी प्रतीवर, आणि त्या प्रतीचं नेटवर्क काढून.

सर्व्हरच्या डिस्कची प्रत घेऊन ती केमूमध्ये (क्यूईएमयू, आभासी मशीन चालवणारा प्रोग्रॅम) चालवा. -आरटीसी पर्यायात बेस म्हणून २०३८-०१-१९टी०३:१३:०० द्या (टी कॅपिटल), ही ग्रिनिच वेळ आहे. नेटवर्कसाठी -एनआयसी नन द्या. आत गेल्यावर टाइमडेटसीटीएलने एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणं) बंद करा. व्हर्च्युअलबॉक्स वापरत असाल तर गेस्ट ॲडिशन्सची वेळ जुळवणी बंद करावी लागते, नाहीतर घड्याळ गुपचूप आजच्या वेळेवर येतं आणि चाचणी पास झाल्यासारखी वाटते. बूट झाल्यावर डेट देऊन वर्ष खरंच २०३८ आहे का ते आधी पाहा. नवं सिस्टीमडी (लिनक्सच्या सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम) स्वतः तयार झाल्याच्या तारखेपेक्षा घड्याळ पंधरा वर्षांहून जास्त पुढे दिसलं तर ते मागे ओढतं. तसं झालं तर बूट झाल्यावर डेट -एस ने वेळ हाताने पुढे न्या.

एकाच प्रोग्रॅमची चाचणी घ्यायची असेल तर फेकटाइम सोयीचं आहे, ते फक्त त्या प्रोग्रॅमला खोटी वेळ दाखवतं. गो भाषेतले किंवा सगळ्या लायब्ररी आत घेऊन बांधलेले प्रोग्रॅम त्याला फसत नाहीत, त्यांच्यासाठी केमूच.

दोन चाचण्या वेगवेगळ्या घ्या. एक, मशीन चालू असताना ८.४४.०७ ओलांडू द्या आणि पुढे निदान एक तास चालू ठेवा. दोन, घड्याळ फेब्रुवारी २०३८ वर ठेवून मशीन नव्याने चालू करा. पहिल्या चाचणीत पास झालेलं मशीन दुसऱ्या चाचणीत बूटच होत नाही असंही घडतं. काय पाहायचं : प्रोसेसर शंभर टक्क्यांवर गेला का, कारण 'अमक्या वेळेपर्यंत थांब' या आज्ञेची वेळ आधीच उलटून गेली असं समजून प्रोग्रॅम न थांबता फेऱ्या मारतो, लॉगमध्ये १९०१ किंवा १९७० दिसतं का, क्रॉनची (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी) कामं झाली का, वाढीव बॅकअपने नव्या फाइल उचलल्या की 'काही बदललं नाही' म्हटलं, लॉगिन केल्या-केल्या सत्र संपतं का. लॉगिनची इतिहास यादी दाखवणारी लास्ट ही कमांड ६४ बिटांच्या मशीनवरही चुकू शकते, कारण तिची जुनी नोंदफाइल अनुरूपतेसाठी ३२ बिटांचीच ठेवली गेली. डेबियन १३ ने तिच्या जागी डब्ल्यूटीएमपीडीबी आणि लास्टलॉग२ आणले आहेत.

रास्पबेरी पायसारख्या, बॅटरीचं घड्याळ नसलेल्या बोर्डवर चाचणी घेतली तर शेवटची पाहिलेली वेळ ते फाइलमध्ये जपून ठेवतं आणि नंतरही २०३८ मध्येच जागं होतं. चाचणीचं कार्ड वेगळं ठेवा, परत वापरू नका.

आणखी दोन तारखा

एनटीपीचा वेळसंदेश १९०० सालापासून सेकंद मोजतो, चिन्हाशिवाय ३२ बिटांत. तो ७ फेब्रुवारी २०३६ ला, गुरुवारी, आपल्या सकाळी ११ वाजून ५८ मिनिटं १६ सेकंदांनी शून्यावर येतो. क्रोनीसारखे चांगले प्रोग्रॅम स्वतःच्या घड्याळावरून नवं युग ओळखतात. स्वस्त डीव्हीआर आणि लॉगरमधला कोड ओळखेलच असं नाही. कोड हातात असेल तर त्यात २२०८९८८८०० शोधा. १९०० आणि १९७० मधले हे सेकंद, आणि चूक त्याच्या आसपासच असते. एकच लक्षात ठेवा : ही तारीख २०३८ च्या जवळजवळ दोन वर्षं आधी येते.

जीपीएसवरून वेळ घेणारं घड्याळ असेल, ऐरोली-महापेच्या डेटा सेंटरमध्ये छतावरच्या अँटेनासकट असतं तसं, तर त्याचा आठवड्यांचा दहा बिटी मोजणी-आकडा दर १,०२४ आठवड्यांनी शून्य होतो. मागच्या वेळी ते एप्रिल २०१९ मध्ये झालं, पुढच्या वेळी नोव्हेंबर २०३८ मध्ये होईल. उत्पादकाकडून फर्मवेअरबद्दल लेखी उत्तर घ्या.

जे दुरुस्त होत नाही त्याचं काय

उत्पादकच उरला नाही, सोर्स नाही, फर्मवेअर नाही, असं एखादं यंत्र निघतंच. त्याला फक्त वार आणि वेळ लागत असेल, उदाहरणार्थ पाळीचा भोंगा किंवा पंपाचा टायमर, तर नेटवर्कमधून काढून त्याचं वर्ष २८ ने मागे ठेवा. २०३८ आणि २०१० यांचं कॅलेंडर वारासकट एकच आहे आणि लीप वर्षंही जुळतात. यंत्रावर पक्की चिठ्ठी लावा : 'वर्ष २८ ने मागे, बदलू नये'. तापमानाच्या नोंदी, वजनाच्या पावत्या, हजेरी असं जे तपासणीसमोर किंवा कोर्टात दाखवावं लागेल त्या यंत्राला हा उपाय कधीही करायचा नाही. त्यासाठी बदलीचा खर्च २०३५-३६ च्या अंदाजपत्रकात धरायला आजच सांगा, म्हणजे एनटीपीच्या तारखेआधी यंत्र हातात असेल.

नवी खरेदी

खरेदीच्या ऑर्डरमध्ये 'वाय२०३८ कंप्लायंट' एवढंच लिहू नका, त्यावर कोणीही हो म्हणतं. असं लिहा : ऑपरेटिंग सिस्टीम, फाइल सिस्टीम, डेटाबेस आणि संदेश या चारही ठिकाणी १९ जानेवारी २०३८ नंतरची वेळ बरोबर साठवली व दाखवली गेली पाहिजे, आणि माल घेताना आमच्यासमोर घड्याळ त्या तारखेच्या पुढे नेऊन, वीज बंद-चालू करून ते दाखवलं पाहिजे. मालाच्या तपासणीच्या दिवशी घड्याळ १९ जानेवारी २०३८, सकाळी ८.४० वर लावा, दहा मिनिटं थांबा, वीज काढा, पुन्हा द्या, तारीख वाचा, आणि वाचलेली तारीख त्या यंत्राच्या ओळीत वहीत लिहून सही घ्या.